‘थर्ड’च्या अलीकडे काय येतं ते बघा

नारायण पेठेत माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकायला येतात त्यांत लक्ष्मी रोडवरच्या दुकानांतले सेल्समन असतात, नर्स असतात, परदेशी मुलांकडे निघालेले आजी-आजोबा असतात. ‘थर्ड’ म्हणजे तिसरा, हे सगळ्यांना येतं. अडतं ते वाक्यात. माझं सांगणं एकच आहे: ‘थर्ड’च्या अलीकडे ‘द’ हवा, ‘अ’ हवा की काहीच नको, हे आधी ठरवा. अर्थ तिथे ठरतो.

क्रम सांगायचा असेल तर ‘द’. गणपतीत बाहेरचा पाहुणा आला आणि मानाचे गणपती समजावून सांगायचे झाले, तर सरळ म्हणा, ‘गुरुजी तालीम इज द थर्ड ऑफ द फाइव्ह.’ कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, मग तुळशीबाग आणि केसरीवाडा. इथे ‘द’च्या जागी ‘अ’ घातलात की पाहुणा गोंधळलाच, कारण ‘अ थर्ड ऑफ’ म्हणजे एक तृतीयांश हिस्सा. इतिहासातही हाच ‘द’: १७६१चं पानिपत ‘द थर्ड बॅटल ऑफ पानिपत’, आणि १८१७ची खडकीची लढाई ज्यात झाली ते ‘द थर्ड अँग्लो-मराठा वॉर’.

हिस्सा सांगताना ‘अ’ किंवा ‘वन’, दोन्ही चालतात. ‘खडकवासला इज अ थर्ड फुल’ म्हणजे धरण एक तृतीयांश भरलंय. दोन तृतीयांश मात्र ‘टू थर्ड्‌स’. शेवटचा ‘स’ खाऊ नका. क्रियापद ठरतं ते पुढच्या नामावरून: ‘टू थर्ड्‌स ऑफ द मिल्क इज’, पण ‘टू थर्ड्‌स ऑफ द स्टुडंट्स आर’.

‘अ थर्ड’च्या पुढे ‘ऑफ’ न येता थेट नाम आलं, तर अर्थ होतो ‘आणखी एक, तिसरा’. दोन कप चहा झालेल्या पाहुण्याला ‘अ थर्ड कप?’ असं विचारतात.

स्पर्धेतला नंबर सांगताना काहीच नको: ‘शी केम थर्ड.’ ‘तिचा तिसरा नंबर आला’ हे डोक्यात असतं, म्हणून आपण ‘हर थर्ड नंबर केम’ म्हणतो. ते वाक्य इंग्रजीत नाहीच.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ते ‘एव्हरी थर्ड डे’. समजा, पेशंटचं ड्रेसिंग एक दिवसाआड बदलायचंय. सोमवारी केलं की पुढचं बुधवारी. आपण सोमवार धरून मोजतो, त्यामुळे बुधवार तिसरा दिवस होतो आणि तोंडातून ‘एव्हरी थर्ड डे’ निघून जातं. ऐकणारा मात्र गुरुवारी करेल, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ दर तीन दिवसांतून एकदा, म्हणजे आपलं दोन दिवसांआड. एक दिवसाआडला ‘एव्हरी अदर डे’ किंवा ‘ऑन ऑल्टरनेट डेज’ म्हणायचं. माझ्या नर्स मुलींना मी बजावून सांगते, औषधाच्या बाबतीत एवढ्यावरही थांबू नका, वारांची नावं लिहून द्या.

मजल्यांचंही नीट समजून घ्या. आपल्याकडे ग्राउंड, फर्स्ट, सेकंड, थर्ड, ब्रिटनमध्येही तसंच. अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट म्हणतात. त्यामुळे तिकडचा ‘थर्ड फ्लोअर’ म्हणजे आपला दुसरा मजला. मुलाच्या घरी जाणाऱ्या आजोबांनी हे घरूनच पक्कं करून निघावं.

काही जोडशब्दांत तिसरा कोण, ते कळलं पाहिजे. पुण्यात घरटी दुचाकी, आणि तिच्या कागदांत ‘थर्ड पार्टी’. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी विमा कंपनी, तिसरी म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. नुसता तोच काढलात तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत. ‘थर्ड अंपायर’ही असाच: मैदानावर दोन, टीव्हीसमोर तिसरा. नोव्हेंबर १९९२मध्ये डर्बन कसोटीत त्याने पहिल्यांदा रनआउट दिला तो आपल्या सचिनला.

लिहिताना ३ आणि २३च्या पुढे आर-डी येतं, १३च्या पुढे मात्र टी-एच, कारण तो ‘थर्टीन्थ’. उच्चाराची फार धास्ती घेऊ नका. आपला थ जीभ दातांना टेकवून होतो. इंग्रजी थ-ला जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडायची. नाही जमला तरी ‘थर्ड’ कळतो. फोनवर तारीख देताना मात्र ‘थर्ड’, ‘थर्टीन्थ’ आणि ‘थर्टिएथ’ एकमेकांत मिसळतात, तेव्हा ‘ऑन द थर्ड ऑफ जून’ म्हणून झाल्यावर वारही सांगून टाका.