हॅमंड ऑर्गनला खरखर कशी आणायची

१९७० च्या आसपासच्या हार्ड रॉकमध्ये ऑर्गन गिटारइतकाच गुरगुरतो. डीप पर्पल या बँडचे जॉन लॉर्ड तर हॅमंड (हा इलेक्ट्रिक ऑर्गन) मार्शल या गिटारच्या अँपमधून वाजवत.

वरच्या कीबोर्डचे डावीकडचे तीन ड्रॉबार (स्वराचा रंग ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) ८ पर्यंत ओढा, उरलेले सहा आत. अँपचा गेन (खरखर किती ते ठरवणारे बटण) आधी निम्म्यावरच. एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी) दाबाल तशी खरखर वाढते. खरा ताबा पायाकडे.

घोळ होतो तो कॉर्डमध्ये. खालच्या सप्तकात तीन-चार स्वर एकत्र धरले की डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे याच खरखरीमुळे, त्यांच्यातून भलतेच बेसूर स्वर निघतात, नुसता चिखल! गंधार गाळा, षड्ज-पंचम पुरे.

पर्कशनचा, म्हणजे स्वराच्या सुरुवातीचा, टोला हवा असेल तर स्वर सुटे वाजवा. आधीच्या सगळ्या पट्ट्या सोडल्याशिवाय तो पुन्हा लागत नाही.