अँथुरियम, ऑर्किड फुलदाणीत टिकत नाही? शेडनेटच्या या चुका टाळा

फूल बाजारात टवटवीत पोहोचते आणि गिऱ्हाईकाच्या घरी चार दिवसांत मान टाकते. दोष पॅकिंगला दिला जातो, पण बरेचदा तो शेडनेटचा, म्हणजे पिकावर सावली धरणाऱ्या जाळीचा असतो. कापल्यावर फूल ज्या साखरेवर जगते, ती झाडावर असतानाच साठलेली असते, आणि ती किती साठेल हे उजेडावर ठरते.

बारा महिने एकच नेट

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मे महिन्यात भर दुपारी बाहेर सुमारे 1,00,000 लक्स उजेड असतो. 75 टक्के उजेड अडवणाऱ्या नेटखाली 25,000 उरतो, अँथुरियमला तेवढा पुरे. कोकणातल्या आषाढात मात्र आभाळ भरले की बाहेरच 20,000 लक्स असतो, मग नेटखाली उरतो जेमतेम 5,000. दांडे लांबट, बारीक आणि नरम येतात. अशी फुले दिसायला बरी असली तरी टिकत नाहीत.

उपाय: वर 50 टक्क्यांचे पक्के नेट आणि खाली 50 टक्क्यांचेच सरकते नेट. दोन्ही मिळून सावली 100 नव्हे, 75 टक्के होते, कारण खालचे नेट उरलेल्या उजेडाचा निम्मा भाग अडवते. पावसाळ्यात खालचे नेट ढगाळ दिवशीच गुंडाळा, एकदम ऊन लागले तर पाने करपतात. उघडीप लांबली किंवा ऑक्टोबरचे ऊन सुरू झाले की लगेच परत ओढा.

सगळ्या फुलांना सारखीच सावली

डेंड्रोबियम ऑर्किडला साधारण 50 टक्के सावली पुरते. अँथुरियमच्या नेटखाली ते ठेवले तर फुले कमी लागतात आणि शेंड्याच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. कळ्या झाडावरच पिवळ्या पडत असतील तर आधी उजेड मोजा. कापल्यावर पडत असतील तर साठवणीच्या खोलीत पिकलेली केळी, आंबे आहेत का ते पाहा. त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू ऑर्किडला सोसत नाही.

लेबलवर विसंबणे

धूळ आणि शेवाळ साचले की 75 चे नेट 85 सारखे वागते. निरभ्र दुपारी बारा वाजता लक्समीटरने आधी बाहेर, मग पिकाच्या उंचीवर पाच ठिकाणी मोजा. लेबलवरच्या टक्क्यांपेक्षा जास्त उजेड अडत असेल तर नेट धुवा. उलट, फाटक्या नेटखाली रंग फिका पडतो, कडा करपतात.

नेट ठीक, तरी फूल सुकते

मधल्या काडीचा तीन चतुर्थांश भाग रंग बदलण्याआधी अँथुरियम कापू नका, कोवळे फूल लवकर मलूल होते. 13 अंशांखाली ठेवू नका, थंडीने ते काळवंडते. सुकलेल्या फुलाचा दांडा पाण्याखाली 2-3 सेंमी कापून पाहा. काही तासांत ते सावरले, तर दांड्याच्या टोकाशी पाण्याची वाट बंद झाली होती. अशा वेळी नेट बदलू नका, बादली आणि पाणी स्वच्छ करा.