सेल्फ मारला आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर

पहाटे चोइथराम मंडी गाठायची असते आणि नेमकी तेव्हाच पिकअप सुरू होत नाही. पहिला फोन बॅटरीवाल्याला जातो, तो नवी बॅटरी बसवून जातो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. इंदुरातल्या आमच्या गाडीवाल्यांना माझं एकच सांगणं असतं, आधी मोजा, मग पार्ट बदला. साधा डिजिटल मल्टिमीटर गाडीत कायम असू द्या.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. आता गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही कोसळला तर बहुतेक बॅटरीच गेली. पण आकडा बाराच्या वरच राहिला आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, फिरलाच नाही, तर बॅटरीवर पैसे घालू नका. करंट वाटेत अडतोय.

कुठे अडतोय ते असं शोधा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरी पिन इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग, म्हणजे मायनसची वाट, खराब आहे. मग दुसरी पिन ब्लॉकवरून क्लॅम्पवर आणा. आकडा तेवढाच राहिला तर दोष खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच आहे. शून्यावर आला तर पुढच्या अर्थच्या पट्टीत किंवा तिच्या बोल्टखाली. हेच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत करा. दोन्ही बाजू ठीक निघाल्या तरच सेल्फ उतरवायचा. तिथे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बिघडलेला किंवा कार्बन (मोटरचे ब्रश) झिजलेले सापडतात.

क्लॅम्प वरून चकचकीत दिसतो, पण सोडवला की आत काळपट थर असतो. आधी मायनस सोडवा, लावताना तो शेवटी लावा. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा. पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. घट्ट आवळून वरून व्हॅसलिन लावा.

गाडी सुरू झाली की थोडी रेस देऊन पुन्हा मोजा. 13.8 ते 14.5 हवेत. बाराच्याच घरात राहिले तर बेल्ट आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनमो) बघा. चालू गाडीचा टर्मिनल काढून चार्जिंग तपासणारे अजून भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका, व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळतो आणि त्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो.

गाडी तापत असेल तर ती कधी तापते ते आधी बघा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळायला लागली की उतरते, तर संशय पंख्यावर. सिमरोलपुढे भेरूघाट भरल्या गाडीने चढतानाच तापते, तर कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय किंवा रेडिएटर तुंबलाय. मंडीच्या गाड्यांत कांद्याची सालं आणि भुसा रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतो. इंजिन थंड असताना, आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. मोठ्या प्रेशरने पत्रे वाकतात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

धुराचं थोडक्यात सांगते. काळा धूर आणि ओढ कमी, तर एअर फिल्टर किंवा टर्बोचा फाटलेला पाइप. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा येतोय आणि कूलंटही घटतंय, तर हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय; गाडी पुढे दामटू नका.

जागेवरून उठताना खालून ‘टण्’ वाजलं तर शाफ्टचा क्रॉस (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा) हाताने हलवून बघा. इंजिनची रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय.

ब्रेकचं पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गाडी चालवायची नाही. चाकांच्या आतून ब्रेक ऑइलची ओल आहे का बघा, नसेल तर संशय मास्टर सिलिंडरवर (पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप). माल दुसऱ्या गाडीत भरा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा.