जुनी हेवी मेटल गिटार हाती आलीय? निदान या चुका तरी टाळा

मागच्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे १९८६ च्या सुमाराची जपानी बनावटीची चारव्हेल कंपनीची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. वडिलांनी तरुणपणी घेतलेली, मग वर्षानुवर्षं कपाटावर पडून राहिलेली. मूळ रंग झगझगीत गुलाबी. हेवी मेटल संगीताला गुलाबी शोभत नाही, म्हणून यानं बॉडी पॉलिश पेपरनं लाकडापर्यंत घासली आणि स्प्रेच्या डब्यानं काळी केली. मूळ जॅक्सन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग, काढून नवे बसवले. मग मला विचारलं, "काका, आता हिची किंमत किती येईल?"

मी आधी नेक, म्हणजे बोटं फिरतात तो गिटारीचा लांब भाग, सोडवला. नेक बसतो त्या खाचेत नखाएवढा गुलाबी रंग शिल्लक होता. इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे अगदी कालच मारल्यासारखा. मी तो त्याला दाखवला. जुने पिकअप कुठे आहेत म्हणून विचारलं, तर "घर आवरताना टाकून दिले."

दुरुस्तीच्या नावाखाली होणारं हे नुकसान मी इतक्यांदा पाहिलंय की आता संताप येतो. ऐंशीच्या दशकातली मेटल म्हणजे नुसता काळा रंग, हा समज कुठून आला कोण जाणे. गुलाबी, पोपटी, पिवळा हे त्या काळाचेच रंग आहेत. १९८७ साली आयबनेझ कंपनीची जेम ७७७ गिटार आली ती अशाच डोळे दिपवणाऱ्या रंगांत, आणि संग्राहक आज नेमक्या त्याच शोधतात. मूळ रंग काढून दुसरा मारला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. ओरखडे, टवके, कोपऱ्यावर उडालेला रंग यांनी किंमत थोडी उतरते. नव्या रंगानं ती कोसळते.

सुटे भाग बदलायला माझी हरकत नाही. वाजवायची गिटार आहे, पिकअप आवडला नाही तर जरूर बदला. पण काढलेली एकही वस्तू फेकू नका. माझ्याकडे प्रत्येक गिटारीची एक पिशवी असते. जुना पिकअप, स्प्रिंग, वाकलेला स्क्रू, तुटलेली नॉबसुद्धा त्यात जाते, आणि पिशवी केसमध्येच राहते. सोल्डरिंगला हात लावण्याआधी आतल्या वायरिंगचे फोटो काढतो. कारखान्यातला न छेडलेला टाका दिसला की पारखी माणसाचा अर्धा संशय तिथेच फिटतो.

दुसरा माझा दुखरा विषय म्हणजे फ्लॉइड रोझ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेली ही ट्रेमोलो पद्धत, म्हणजे दांडी दाबून सूर खालीवर करायची सोय. तार नटवरही (नेकच्या वरच्या टोकाला) आवळलेली आणि ब्रिजवरही (बॉडीवर, जिथे तारा अडकवतात तिथे), त्यामुळे दांडी कितीही दाबली तरी सूर जागेवर परत येतो. सगळा ब्रिज दोन खुंट्यांवर तोललेला असतो, आणि त्यांना टेकते ती ब्रिजच्या पत्र्याची सुरीसारखी धार. एका बाजूनं तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि ब्रिज मध्ये तरंगतो. नऊच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची असलेल्या, सहा तारा सुरात लावल्या की एकूण ताण साधारण ३८ किलोचा होतो. तो सगळा त्या दोन धारांवर.

आता तारांची नेकपासूनची उंची कमी करायची म्हणून लोक काय करतात? तारा पूर्ण ताणलेल्या असतानाच ॲलन की (सहा कोनी वाकडी किल्ली) घालून खुंट्या फिरवतात. प्रत्येक फेऱ्याला खुंटी त्या धारेवर कानशीसारखी चालते. माझ्याकडे अशी एक आयबनेझ आली होती. मालकाची तक्रार, "सूर टिकत नाही, फ्लॉइडच बेकार." ब्रिज काढून भिंगाखाली धरला. दोन्ही धारांना तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे. दांडी दाबली की धार खड्ड्यात अडकायची आणि सूर थोडा खालीच राहायचा. तो ब्रिज नीट करण्यापलीकडे गेला होता. दोष फ्लॉइडचा नव्हताच. आधी तारा सैल करा, मग खुंटी फिरवा, परत सूर लावा आणि बघा. पाच मिनिटं जास्त लागतात, पण तेवढाही धीर नसेल तर जुन्या फ्लॉइडच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहाच्या सहा तारा एकदम काढणं हाही तसलाच प्रकार. स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि तो बॉडीतल्या खाचेत पडतो. मी एकेक तार बदलतो. फ्रेटबोर्ड (धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवलेली नेकची फळी) साफ करायचा असेल तेव्हा ब्रिजखाली फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा सरकवतो. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, तेव्हा सूर तीन-चार फेऱ्यांत लागतो, तो पहिल्याच फेरीत लागावा ही अपेक्षाच चूक. नटचे स्क्रू आवळताना ॲलन कीची लांब बाजू हातात धरून जोर लावू नका, नाहीतर आटे जातात. जुन्या ब्रिजवर पश्चिम जर्मनीत बनल्याचा छाप असेल तर तो मूळ भाग जपण्यासारखा आहे, हे लक्षात ठेवा.

साल ओळखताना फक्त नंबरावर भिस्त ठेवू नका. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमासचा पत्ता कोरलेली चारव्हेलची प्लेट, म्हणजे नेकच्या जोडामागची नंबराची पट्टी, पाहून लोक हरखतात. पण ती प्लेट चार स्क्रूंवर असते, कुठल्याही गिटारीला बसवता येते. उलट प्लेटवर टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचं नाव आहे म्हणून गिटार अमेरिकेत बनली असं समजणारेही भेटतात. त्या जपानमध्ये बनलेल्या. बी. सी. रिच कंपनीच्या एनजे मालिकेच्या गिटारींचंही तसंच, आधी जपान, पुढे कोरिया, अक्षरं तीच. मी मागचं झाकण उघडून पॉटवरचे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालच्या भागावरचे, आकडे वाचतो. १३७८५३२ असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ८५ म्हणजे १९८५, आणि ३२ वा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची नाही, एवढंच यावरून कळतं.

गिब्सनची फ्लाइंग व्ही किंवा एक्सप्लोरर घेताना सगळ्यात आधी हेडस्टॉकच्या (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) मानेवर टॉर्च तिरपा धरा. महोगनीचा नेक, मागे झुकलेला हेडस्टॉक, आणि त्याच जागी ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी सळईच्या) चाकीसाठी कोरलेली खोबण, त्यामुळे ती तिथेच मोडते. चांगलं चिकटवलेलं असेल तर वाजायला काही फरक पडत नाही, किमतीला मात्र पडतो. अतिनील दिव्याखाली जुनं नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचा लेप) पिवळट-हिरवं चमकतं, नंतरचं काम वेगळं उठून दिसतं.

नायट्रो लॅकरची गिटार रबराच्या स्टँडवर ठेवू नका, लॅकर मऊ पडून चिकटतं.

ईएमजी कंपनीच्यासारखे ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप असतील तर नऊ व्होल्टची बॅटरी आत विसरू नका. गळली की सर्किट खाते.

जुनी म्हणजे महाग, हेही डोक्यातून काढा. १९५८-५९ च्या कोरिना लाकडाच्या फ्लाइंग व्ही मौल्यवान आहेत, कारण त्या दोन वर्षांत गिब्सनच्या नोंदीप्रमाणे अवघ्या ९८ बाहेर पडल्या. तेव्हा त्या कुणाला नको होत्या. आयबनेझची आरजी ५५० उत्तम गिटार आहे, पण ती भरपूर बनली. २०२३ साली प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची एक क्रेमर कंपनीची गिटार लिलावात ३९ लाख डॉलरच्या वर गेली. ती किंमत त्याच्या हातांची होती. तुमच्या क्रेमरला ती मिळेल म्हणून केस बंद करून ठेवाल, तर आत फ्रेट काळे पडतील आणि नेक वाकेल.

तो चारव्हेलवाला मुलगा परवा पुन्हा आला. काळा रंग काढून परत गुलाबी मारू का, म्हणाला. मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा घासून मूळ रंग परत येत नाही, लाकूड मात्र आणखी पातळ होतं. फ्रेट घासून सपाट केले, नेक सरळ केला, तारा बदलल्या, सुरात लावून दिली. खाचेतल्या गुलाबी तुकड्याचा फोटो काढून त्याची प्रत केसमधल्या पिशवीत घातली, आणि विकायची झालीच तर तो दाखवून, सगळं खरं सांगूनच विक, एवढं बजावलं.