माल चांगला, पण गिऱ्हाईक परत येत नाही? या चुका टाळा

मे महिना जवळ आला की माझ्याकडे ठरलेलं वाक्य घेऊन माणसं येतात. “आंबा पंधरा दिवसांवर आलाय, एक भारी पोस्टर करून द्या, यंदा सगळा माल पुण्याला गेला पाहिजे.” मी गेली बारा वर्षं लातुरात हे काम करतोय. आधी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचो. आता दुकानदार, क्लासवाले आणि शेतकरी यांची गूगल आणि व्हॉट्सॲपवरची पानं सांभाळतो. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. त्यातल्या दोन चुकांनी चांगल्या माणसांचं इतकं नुकसान झालेलं मी पाहिलंय की त्या सविस्तर सांगतो. बाकीच्या थोडक्यात.

दुसऱ्याच्या मालाचा फोटो, स्वतःचं नाव

अंबाजोगाईकडच्या एका शेतकऱ्याचा केसर. फळ अव्वल. देठासकट हातानं तोडलेलं, गवताच्या अढीत ठेवलेलं, पावडर-बिवडर काही नाही. त्याला पोस्टर मीच करून दिलं आणि त्यासाठी नेटवरचा फोटो उचलला. केशरी-पिवळेधमक आंबे, एकेकाला हिरवं पान. चूक तिथंच झाली आणि ती माझी होती.

पोस्टर फिरलं आणि पाच-पाच किलोच्या ऐंशी पेट्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेल्या. तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. “कच्चे पाठवलेत.” “फोटोत वेगळे होते.” “आम्ही डझनाचा हिशोब धरला होता, हे तर लहान आहेत.” शेतकरी बांधावर कामात. दोन फोन त्यानं नीट घेतले, तिसऱ्याला म्हणाला, “ताई, आंबा असाच असतो.” त्या ताईंनी हिरव्या आंब्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या फेरीच्या बावीस पेट्यांची मागणी त्या संध्याकाळी रद्द झाली.

आता यात आंब्याचा दोष काय होता? काहीच नाही. नैसर्गिक पिकलेला केसर बाहेरून बराच हिरवट राहतो, आतून केशरी होतो. कॅल्शियम कार्बाइडनं पिकवलेला आंबा मात्र एकसारखा पिवळा दिसतो. फळं कार्बाइडनं पिकवायला अन्नसुरक्षा कायद्यानं बंदी आहे, तरी शहरातल्या माणसाचा डोळा त्याच पिवळ्याला सरावलेला. म्हणजे ज्यानं इमानदारीनं माल पाठवला त्याचाच माल कच्चा ठरला, आणि तसा ठरायला माझ्या पोस्टरनं मदत केली. मला आजही त्या बावीस पेट्यांचं वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी आम्ही पोस्टरला हातच लावला नाही. सकाळी सातला बागेत जाऊन साध्या मोबाइलवर फोटो काढले. एक तोडणीच्या दिवसाचा, एक पाचव्या दिवसाचा, एक कापलेल्या फोडीचा. आंबा तळहातावर ठेवून काढले, म्हणजे आकार कळतो. प्रत्येक पेटीत अर्ध्या पानाची चिठ्ठी घातली: तोडणीची तारीख, पाच-सहा दिवस गवतात किंवा कागदात ठेवा, देठाजवळ वास सुटला आणि बोटाला थोडा मऊ लागला की खा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, पाच किलोत साधारण वीस ते चोवीस फळं बसतात. आणि चौथ्या दिवशी शेतकऱ्यानं स्वतः फोन करायचा, “कसा आहे आंबा?” एवढंच विचारायचं. तक्रारी आल्या, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आदल्या वर्षीच्या त्या ताई मात्र परत आल्या नाहीत. गेलेलं गिऱ्हाईक चिठ्ठीनं परत येत नसतं.

हाच नियम पैठणीला, हळदीला, खव्याला. पैठणी विकणाऱ्यांना मी सांगतो की मॉडेल नेसवू नका, पदर उलटा करून दाखवा. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागच्या बाजूनंही पुढच्यासारखीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. वीस सेकंदांचा तो व्हिडिओ बाकी सगळ्या जाहिरातीला भारी पडतो, कारण यंत्रमागाची साडी विकणारा तो काढूच शकत नाही.

याला जोडून एक सांगतो. मराठवाड्याच्या केसरला, जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे म्हणून जो-तो पेटीवर ते चिन्ह छापतोय. त्यासाठी तुमची स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नसेल तर छापू नका. नोंदणी करा आणि अभिमानानं छापा.

खातं कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न मी प्रत्येक नव्या माणसाला पहिला विचारतो आणि दहातले सात जण गप्प होतात.

परभणीतलं एक कापडाचं दुकान. तीन पिढ्यांचं, लग्नाच्या बस्त्यासाठी आसपासच्या तालुक्यांतून लोक यायचे. मालकांच्या पुतण्याच्या मित्रानं कधीतरी गूगलवर दुकानाचं पान करून दिलं, त्याच्या स्वतःच्या ईमेलवरून. पाच वर्षांत तीनशेच्या वर चांगले अभिप्राय जमले. मग दुकान जुन्या गल्लीतून मोठ्या जागेत गेलं. पोरगा तोवर नोकरीला पुण्याला, त्याचा तो ईमेल बंद, पासवर्ड कुणाला आठवत नाही. नकाशावरची खूण जुन्याच गल्लीत राहिली. त्याहून वाईट म्हणजे पानावरचा फोन नंबर दुकानाच्या दुसऱ्या सिमचा होता, ज्याला कुणी रिचार्जच केलं नाही. नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला देते. इथं तो दिलाही. फोन लागायचा, उचलणारा “राँग नंबर” म्हणून ठेवायचा.

लग्नसराईत हिंगोलीचं एक कुटुंब, नऊ माणसं, दोन गाड्या करून बस्ता बांधायला आलं. नकाशानं त्यांना जुन्या गल्लीत सोडलं. फोन केला तर राँग नंबर. उन्हात अर्धा तास उभं राहून त्यांनी समोरच्याच दुकानात सगळी खरेदी केली. मालकांना हे कळलं ते त्या समोरच्या दुकानदाराकडून, आठवड्यानं. ते माझ्याकडे आले तेव्हा पैशाबद्दल बोलतच नव्हते. “आमच्या दारात येऊन माणसं परत गेली हो,” एवढंच तीनदा म्हणाले.

सुटका अशी झाली. गूगलवर त्या पानाची मालकी मागायची सोय असते. आधीच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. तो बोलला नाही तर तुम्हाला दावा करता येतो, मग दुकानाचा, पाटीचा व्हिडिओ काढून पडताळणी करावी लागते. काम झालं, जुने अभिप्रायही वाचले. पण तोवर अर्धी सराई संपली होती.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. मालक स्वतः शेजारी बसल्याशिवाय मी खातं उघडत नाही. ईमेल मालकाचा, नंबर मालकाच्या रोजच्या वापरातला. मी किंवा दुकानातला पोरगा फक्त मॅनेजर म्हणून जोडलेला. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिन तिथंच लावून घ्यायचा. कोणतं खातं, कोणता ईमेल, कोणता नंबर, कोण मॅनेजर हे धंद्याच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचं आणि लक्ष्मीपूजनाला वही काढली की वाचून तपासायचं. वर्षातून एकदा पुरतं. काही जण म्हणतात, “तुम्हीच करा हो सगळं, आम्हाला वेळ नाही.” त्यांना मी नम्रपणे परत पाठवतो. दुकानाच्या कुलपाची चावी परक्याला देऊन घरी झोपणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मग इथंच का देता?

बाकीच्या, थोडक्यात

“भावासाठी मेसेज करा.” कशाला? भाव लिहायला लाज वाटत असेल तर आधी भाव ठरवा. बदलत असेल तर “इतक्यापासून पुढे” लिहा. रात्री दहाला बघणारं गिऱ्हाईक सकाळपर्यंत थांबत नाही.

पाचशे लोकांना मेसेज टाकला आणि कुणी बघितलाच नाही, अशी तक्रार असते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर साठवलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्याच खरेदीला, बिल देताना, “नंबर साठवून घ्या, नवीन माल आला की कळवतो” म्हणा आणि समोर साठवून होईपर्यंत थांबा. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये ओढू नका. बाहेर पडायला संकोच वाटतो म्हणून माणसं ग्रुपमध्ये राहतात, पण तुमच्या दुकानात पाऊल टाकत नाहीत.

विकत घेतलेले फॉलोअर. नको.

आमच्या लातुरात एकच पोरगं तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसत असतं. एकानं वर्षभर शिकवलेलं, दुसऱ्याकडे चाचणी परीक्षा दिलेली, तिसऱ्याकडे फक्त भाषण ऐकलेलं. क्लासवाल्यांनो, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्यात. निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरता येत नाही, त्यानं तुमच्याकडे नेमका कोणता कोर्स केला तेही सांगावं लागतं, आणि निवडीची हमी देणाऱ्या जाहिराती चालत नाहीत. मी अशा संमतीपत्राशिवाय डिझाइनला बसत नाही. दोन मोठी कामं त्यामुळे गेली, जाऊ दे. पालक शेत गहाण टाकून फी भरतात, तो फोटो बघून. तिथं खोटं बोलणं मला जमणार नाही.

गावाचं नाव. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही अधिकृत नावं आहेत, पत्त्यात तीच घाला. पण परराज्यातला माणूस अजून जुन्या नावानं शोधतो, म्हणून दुकानाच्या वर्णनात एका ओळीत जुनं नावही असू द्या.

वेळा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. हिमरू शाली विकणाऱ्या एका दुकानदारानं माझ्या सांगण्यावरून एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवरच्या तयार उत्तरात घालून ठेवलीय. पर्यटक दुकानाचा पत्ता विचारतो, त्याला पत्त्यासोबत हेही जातं. ज्याचा फुकट हेलपाटा वाचला तो शालीचा भाव करताना वेगळ्या मनानं बसतो. बाजारच्या दिवशी, यात्रेत, सुट्टीत तुमच्या स्वतःच्या वेळा बदलत असतील तर त्या पानावर आदल्या दिवशी बदला.

आता ज्याला हल्ली सगळे पर्सनल ब्रँडिंग म्हणतात त्याबद्दल. तरुण पोरं येतात, “आठ दिवसांत व्हायरल करा.” पहिल्या व्हिडिओत काळा कोट, पुण्याची भाषा, यशाची पाच सूत्रं. अरे बाळा, तुझा ट्रॅक्टर दुरुस्तीचा धंदा आहे. घरी आईला “काय करायलाव?” विचारतोस ना, तसंच बोल. उदगीरच्या माणसाला उदगीरचं बोलणं कानावर पडलं की तो थांबतो. हायड्रॉलिक का उचलत नाही, तेल कधी बदलायचं, कुठला पार्ट खोटा निघतो, हे ग्रीसच्या हातांनी दाखव. रोज नको, आठवड्याला एक. वर्षभर टिकलास तर लोक तुला नावानं ओळखतील. हे ऐकून दहातले आठ पोरं उठून जातात, एखाद्या आठवड्यात व्हायरल करून देणाऱ्याकडे पैसे भरतात, आणि दिवाळीपर्यंत पान ओस पडलेलं असतं. उरलेल्या दोघांसाठी मी वाटेल तितका वेळ देतो.

वाईट अभिप्राय आला की रात्री उत्तर लिहू नका. मालकाला तो पुसता येत नाही. धोरणाविरुद्ध असेल तर कळवता येतं, बाकी त्याखाली फक्त उत्तर देता येतं, आणि ते उत्तर पुढचे शंभर जण वाचतात. “तुम्ही आमच्याकडे आलाच नाहीत” असं लिहिण्याआधी बिलबुक चाळा. चूक असेल तर दोन ओळींत कबूल करा, काय करून देणार ते लिहा, मालकाचं नाव घाला. चांगल्या अभिप्रायासाठी सूट देऊ नका, गूगलला ते चालत नाही आणि वाचणाऱ्यालाही लगेच कळतं.

आणि मिसकॉल. दुकानात गर्दी असते, फोन राहतो, हे मला कळतं. माझ्या ओळखीचा एक हळदवाला, वसमतचा, रात्री आठला शटर अर्धं ओढतो, स्टुलावर बसतो आणि दिवसभरातल्या न उचललेल्या प्रत्येक नंबरला परत फोन लावतो. “तुमचा फोन आलता, मी मापावर होतो, बोला.” कधी चार असतात, कधी वीस. बायको जेवायला बोलावते, तो म्हणतो अजून तीन राहिलेत. नवीन कुणी विचारायला आलं की मी त्याला आधी तिकडं पाठवतो, आठला.