ॲडमिशन आणि स्कॉलरशिपची पत्रं आल्यावर: पब्लिक पॉलिसीला जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

मार्चमध्ये पत्रं येतात आणि घरात आधी पेढे वाटले जातात, पत्र नीट वाचणं नंतर. क्रम उलटा करा. पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्सला दोन-तीन ठिकाणी नंबर लागला, एखाद्याने पैसेही देऊ केले, तर पुढच्या काही आठवड्यांत काय काय बघायचं त्याची ही यादी. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची पोरं-पोरी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे, कारण पुण्या-मुंबईच्या याद्यांमध्ये सातबारा आणि गावठाणातलं घर हे विषय येतच नाहीत. गेल्या वेळी माझ्या यादीत एक गोष्ट नव्हती. तिच्यापासूनच सुरू करतो.

दुसरं वर्ष. अमेरिकेतला एमपीपी, म्हणजे पब्लिक पॉलिसीचा मास्टर्स, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा असतो. स्कॉलरशिपचा आकडा पत्रात ठळक दिसतो. ती किती वर्षांसाठी आहे हे खाली साध्या अक्षरांत असतं. 'पहिल्या शैक्षणिक वर्षासाठी' असं लिहिलं असेल तर तेवढंच समजायचं, पुढच्या वर्षीही देतील अशी मनाची समजूत घालायची नाही. 'रिन्यूएबल' लिहिलं असेल तर कशावर ते विचारायचं: ग्रेडची सरासरी किती राखायची, दर सत्रात किती क्रेडिट घ्यायचे, अर्ज पुन्हा करायचा का. 'निधी उपलब्ध असल्यास' हे शब्द दिसले तर हिशोबात शून्य मांडा.

हिशोब करूनच दाखवतो, डॉलर ८५ रुपये धरून. एका ठिकाणी वर्षाची फी ५० हजार डॉलर, स्कॉलरशिप २५ हजार, राहण्या-खाण्याला २४ हजार. पहिल्या वर्षाचे झाले ४१ लाख ६५ हजार. दुसऱ्या ठिकाणी फी ३० हजार, स्कॉलरशिप काहीच नाही, राहणं तेवढंच. ४५ लाख ९० हजार. घरात सगळे म्हणतात पहिलं स्वस्त, शिवाय 'निम्मी फी माफ' हे नातेवाइकांना सांगायला बरं. आता स्कॉलरशिप एकाच वर्षाची निघाली तर दोन वर्षांचे मिळून पहिल्या ठिकाणी १ कोटी ४ लाख ५५ हजार, दुसऱ्या ठिकाणी ९१ लाख ८०. पावणेतेरा लाखांचा फरक, आणि तोही फी वाढली नाही असं धरून. फी वाढते. डॉलरही वाढतो, २०१४ मध्ये तो साठीच्या आसपास होता, २०२४ संपताना पंच्याऐंशीच्या. घरी केळी असलेल्यांना जास्त सांगायला नको, मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची लागवड) लावतानाच पिलबागेचा (त्याच झाडांच्या पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाचा) खर्च धरलेला असतो.

हे सुटतं, कारण वाटेत कोणीच विचारत नाही. आय-२० म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद, त्याच्यासाठी पैशांचा पुरावा मुख्यतः पहिल्या वर्षाचा मागतात. व्हिसाच्या खिडकीवर तोच कागद बघतात. सगळे कागद एका वर्षाचे आणि तुम्ही जाणार दोन वर्षांसाठी. म्हणून ॲडमिशन ऑफिसला एक छोटा ई-मेल टाका: ही रक्कम दोन्ही वर्षांसाठी आहे का, दुसऱ्या वर्षी ती कमी होऊ शकते का, दुसऱ्या वर्षी टीचिंग असिस्टंटशिप मिळते का आणि तिच्यात फी माफ होते की नुसतं मानधन मिळतं. उत्तर लेखी घ्या. झूमवर कोणी गोड बोललं ते धरू नका. मग लिंक्डइनवर तिथे सध्या दुसऱ्या वर्षाला असलेले दोन-तीन भारतीय विद्यार्थी शोधा आणि त्यांना एवढंच विचारा की वर्गातल्या किती जणांना दुसऱ्या वर्षी काम मिळालं. ऑफिसने 'संधी उपलब्ध असतात' म्हटलं तर त्याचा खरा अर्थ ही मंडळी सांगतील. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेव्हा 'तिथे गेल्यावर बघू, काम करू' यातून फी निघत नाही. जेवण निघेल फार तर.

याच ई-मेलमागोमाग पैसे वाढवून मागायचे. लाजू नका. दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र जोडून सरळ लिहायचं की यायची इच्छा आहे, एवढा फरक पडतोय. हे सगळं जागा पक्की करायचं डिपॉझिट भरायच्या आधी. भरल्यावर कोण कशाला वाढवेल?

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. रँकिंग बघायचं तेवढं बघून झालेलं असेलच. सक्तीचे विषय वाचा; शिकागो विद्यापीठाच्या हॅरिस स्कूलमध्ये किंवा हार्वर्डच्या एमपीए-आयडीमध्ये (आंतरराष्ट्रीय विकासाचा मास्टर्स) आकडेमोड बरीच आहे, आणि बीए करून थेट जाणाऱ्याला ती पहिल्या सत्रातच अंगावर येते. पदवी अमेरिकेच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे का ते विचारा, कारण सध्याच्या नियमात शिक्षणानंतर कामाचे १२ महिने मिळतात आणि स्टेम असेल तर आणखी २४. एकाच स्कूलमधली एक पदवी स्टेममध्ये असते, दुसरी नसते. अमेरिकी सरकारातल्या बहुतेक नोकऱ्या तिथल्या नागरिकांनाच मिळतात, हेही पॉलिसीवाल्याने आधीच जाणून असावं. ऑक्सफर्डच्या ब्लावाटनिक स्कूलचा एमपीपी एका वर्षाचा आहे, तिथे माझा मुख्य त्रास आपोआप मिटतो. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तमच, फक्त नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. आणि बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल, अझीम प्रेमजी विद्यापीठ, मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), आयआयटीचा एमपीपी हे हातात असेल तर 'परदेश नाही म्हणजे हार' असं घरच्यांनी म्हटलं तरी ऐकू नका. अझीम प्रेमजीला घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत मिळते. काम शेवटी इकडेच करायचं असेल तर कोटीचं कर्ज कशासाठी?

आता कर्ज. वडील किंवा काका सातबाऱ्यांची फाइल घेऊन बँकेत जातात आणि साहेब फाइल न उघडताच विचारतात, "एनए आहे का काही?" म्हणजे बिगरशेती. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याचं कलम ३१ शेतजमिनीला वगळतं, म्हणजे कर्ज थकलं तर ती बँकेला त्या कायद्याने परस्पर विकता येत नाही. रावेर-यावलची बागायत कितीही किमती असो. चालतं ते एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा फ्लॅट, एफडी. गावठाणातल्या घराचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. तो मालकी सिद्ध करत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर ते न्या, पण बँक मानेलच असं धरू नका. प्लॉट अजून आजोबांच्या नावावर असेल तर पहिली वारसनोंद, आणि त्यात आत्याची सही. आत्या सुरतला. तिला आजच फोन करा. त्यानंतर वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी), व्हॅल्युएशन, आणि परदेशासाठी खर्चाचा साधारण १५ टक्के वाटा, म्हणजे मार्जिन, घरचं.

आणि कर्ज दोन वर्षांच्या खर्चाचंच मंजूर करून घ्या. बँकेत आय-२० दाखवलात की समोरचा माणूस त्यावरचा आकडा उचलतो, आणि तो असतो एका वर्षाचा. विद्यापीठाकडून दोन वर्षांच्या खर्चाचं पत्र मागवा, दुसऱ्या वर्षाची स्कॉलरशिप लेखी नसेल तर ती वजा करू नका. पुढच्या वर्षी वाढीव कर्ज मागायचं म्हणजे व्हॅल्युएशनपासून सगळं परत, आणि तुम्ही सात समुद्रापार. दोन वर्षं. मंजुरीपत्रावर बोट ठेवून वाचा.

सरकारी परदेश शिष्यवृत्त्या: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज, आदिवासी विकास विभागाची, ओबीसींची वेगळी, मराठा-कुणब्यांना सारथीची. जाहिराती बहुधा डिपॉझिटची एप्रिलमधली तारीख उलटल्यावर येतात, त्यामुळे निवड होईल या भरवशावर कॉलेज ठरवू नका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आत्ताच सेतूत टाका, जात वैधतेचा अर्ज पडताळणी समितीकडे. अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी धरला आहे का, ते जाहिरातीत वाचा. तेच. दुसरं वर्ष.

ऑफरला हो-नाही कळवायची शेवटची तारीख म्हणून १५ एप्रिल खूप ऐकाल. तो अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला, पैशांच्या ऑफरपुरता करार आहे आणि त्यावर सही केलेल्या विद्यापीठांपुरता. तुमच्या पत्रातली तारीख त्याआधीची असू शकते. डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, दोन ठिकाणी भरू नका. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला तर स्कॉलरशिप सोबत येईल असं समजू नका.

मग ट्रान्सक्रिप्ट आणि डिग्री सर्टिफिकेट, म्हणजे उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून) पास झालेल्यांना जळगावजवळच्या बांभोरीची चक्कर. आय-२० वर नाव पासपोर्टसारखंच आहे ना? वडिलांचं नाव मध्येच कुठेतरी घुसतं. सेव्हिस फी (अमेरिकी सरकारची विद्यार्थी-नोंदणीची फी), व्हिसाची तारीख, मुंबईचं रिझर्व्हेशन. विमा विद्यापीठाचा घ्यावाच लागतो की बाहेरचा चालतो ते विचारा. लसी. तिकीट ऑगस्टचं असेल तर लवकर काढा. घर शेअरिंगमध्ये.

निघण्याआधी वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून नोंदवून ठेवा. कर्जाचे हप्ते बँक सत्रागणिक सोडते, आणि तिसऱ्या सत्राला सही करायला तुम्ही इथे नसाल.