जिभेच्या कॅन्सरचा अंदाज बांधताना या चुका टाळा

जिभेच्या कॅन्सरचे रुग्ण किती काळ जगतील याचा अंदाज चुकला की नवशिके दुसरं सॉफ्टवेअर शोधायला लागतात. घोटाळा बहुतेक वेळा एक्सेलच्या पहिल्या चार-पाच रकान्यांतच असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जाडी आणि खोली एकच समजणं. 2018 पासून लागू असलेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवण्याचे नियम काढणारी अमेरिकी समिती) आठव्या आवृत्तीत टी, म्हणजे मूळ गाठीचा टप्पा, ठरवताना गाठीच्या आकाराबरोबर ती आत किती रुतली तेही बघतात. 5 मिमीपर्यंत, 5 ते 10, आणि त्यापुढे. ही खोली शेजारच्या निरोगी आवरणाच्या बेसमेंट मेम्ब्रेनची (आवरणाच्या तळाचा पातळ पडदा) रेघ गाठीवरून पुढे ओढून, तिथून ओळंबा सोडल्यासारखी खाली मोजायची. वर फुललेल्या गाठीत जाडी खोलीपेक्षा जास्त भरते, व्रण पडून खड्डा झालेल्या गाठीत कमी. 1.8 सेंमीचा व्रण घ्या. खड्ड्याच्या तळापासून मोजला तर 4 मिमी, म्हणजे टी1. तीच स्लाइड पुन्हा लावून रेघ ओढली की 7 मिमी, म्हणजे टी2. असे दहा-बारा रुग्ण टी1 मध्ये घुसले की टी1 वाले उगाच लवकर दगावताना दिसतात, आणि खापर फुटतं मॉडेलवर. रिपोर्टात नुसतं 'थिकनेस' लिहिलेलं असेल तर तो आकडा खोलीच्या रकान्यात ढकलू नका. ब्लॉक नंबर घ्या आणि पॅथॉलॉजीचा जिना चढा. स्लाइड सापडली नाही तर रकाना रिकामा राहू दे, तो गुन्हा नव्हे.

2018 आधीच्या केसेस नव्याने स्टेज केल्याशिवाय मिसळू नका.

दुसरी चूक फॉलो-अपची. गोव्यात उपचारांना दोडामार्ग-सावंतवाडीचे येतात, कारवारचेही. पुढे यायचे थांबले की कुणीतरी 'जिवंत' लिहून आजची तारीख टाकून मोकळा होतो. तारीख टाकायची ती शेवटच्या खऱ्या भेटीची किंवा फोनची. आजार बहुतेक करून पहिल्या 2 वर्षांत उलटतो, त्यामुळे याच काळातली गळती सगळ्यात महागात पडते. शिवाय गळालेले आणि टिकलेले सारखे नसतात. ज्याला गिळताच येत नाही तो बसचे धक्के खात कशाला येईल? पहिल्याच दिवशी दोन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा. मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, असेल तर त्याचा नंबर महिनोन्‌महिने लागत नाही.

'रेडिओथेरपी: होय' एवढ्याने काहीच कळत नाही. ऑपरेशननंतर 6 आठवड्यांच्या आत सुरू झाली का? 30 सिटिंग सलग झाली की चवथीला, म्हणजे गणपतीत, मध्येच खंड पडला? त्यातही एक मेख आहे. जो रेडिओथेरपीआधीच गेला तो आपोआप 'नाही'त पडतो, आणि उपचार आहेत त्याहून गुणकारी दिसतात. सोपा उपाय म्हणजे घड्याळ ऑपरेशननंतर 3 महिन्यांपासून लावा, तोवर हयात असलेल्यांनाच धरून.

बाकी थोडक्यात. जिभेचं मूळ आणि पुढची जीभ एका तक्त्यात नको, पी16 ने (एचपीव्ही विषाणूची खूण दाखवणारं प्रथिन) स्टेज बदलते ती मुळाकडच्या कॅन्सरची. मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेपासून कॅन्सरचं अंतर, 'क्लिअर' न लिहिता मिमीत लिहा, 5 च्या खाली ती जवळचीच. मानेतल्या किती लसिका गाठी (लिम्फ नोड) बाधित एवढ्यावर थांबू नका, कॅन्सर त्या गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय का ते वेगळं नोंदवा. वय 60 वर कापून दोन गट करू नका, आहे ते वय तसंच घाला.

40 मृत्यूंच्या डेटावर 15 घटक लादणाऱ्यांना काय सांगायचं! तीन-चार घ्या. सी-इंडेक्स (कोण आधी दगावेल याचा क्रम मॉडेल किती बरोबर लावतं त्याचा आकडा) 0.8 आला म्हणून लगेच पोस्टर छापू नका. ज्यांना जगण्याची शक्यता 70 टक्के सांगितली, त्यांच्यातले 100 पैकी खरंच 70 च्या आसपास जगले का, ते आधी मोजा.